उष्ण कटिबंधातला पावसाळा आणि मोटरसायकलवरची लांबची सफर: तयारीपासून परतल्यानंतरपर्यंत

पावसाळ्यात लांबच्या सफरीला निघायचं म्हटलं की सगळे आधी रेनकोटाबद्दल विचारतात. रेनकोटाचं पुढे बघूच, पण त्याआधी दिवसाला किती किलोमीटर जायचं ते ठरवा. बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. भिजल्याने फारसं काही बिघडत नाही. अंधाराच्या आत अमुक गावी पोचायचंच, या हट्टापायी मात्र माणसं पडतात. कोरड्या दिवसांत तुम्ही २५० किलोमीटर आरामात करत असाल, तर पावसाळ्यात १२० ते १५० धरा आणि दर चौथा दिवस मोकळा सोडा. मुक्काम आगाऊ ठरवायचा तो फक्त पहिल्या आणि शेवटच्या रात्रीचा. मधल्या खोल्यांचे पैसे भरून ठेवले, की ते वाया जाऊ नयेत म्हणून माणूस नको त्या पावसात गाडी काढतो.

पाऊस नेमका कुठे आणि कधी

उष्ण कटिबंधात पावसाळा म्हणजे सगळीकडे दिवसभर संततधार, असं नसतं. बऱ्याच भागांत सकाळी ऊन पडतं, जमीन तापते, दुपारी ढग दाटतात आणि दोन-तीनच्या सुमाराला धो-धो कोसळून तासा-दोन तासांत मोकळं होतं. म्हणून दिवस उजाडताच निघा आणि एक-दीड वाजेपर्यंत त्या दिवसाचं अंतर संपवा. संध्याकाळ हाताशी असते या भरवशावर तर राहूच नका. विषुववृत्ताजवळ बारा महिने सहाच्या आसपास सूर्य मावळतो आणि संधिप्रकाश जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं टिकतो. ओला रस्ता, समोरचे दिवे आणि काचेवरचे थेंब हे तिन्ही एकत्र आले की खड्डा दिसतच नाही. रात्रीची गाडी पावसाळ्यात पूर्ण बंद, त्याला अपवाद नको.

कमी दाबाचा पट्टा किंवा वादळ आलं की गणित बदलतं. मग दोन-तीन दिवस थांबायचं नाव नसतं. मोकळे ठेवलेले दिवस कामी येतात ते इथेच.

एकाच देशात दोन पावसाळे असू शकतात, आणि मार्ग आखताना याचा चांगला उपयोग होतो. श्रीलंकेत नैऋत्य बाजू मे ते सप्टेंबर भिजते, तेव्हा पूर्व किनारा बराच कोरडा असतो. थायलंडच्या बहुतेक भागात मे ते ऑक्टोबर पाऊस, पण आखाताकडच्या को सामुईला सर्वांत जास्त पाऊस नोव्हेंबरच्या सुमाराला. व्हिएतनाममध्ये हनोई आणि सायगॉनकडे मे ते ऑक्टोबर, तर मधल्या किनाऱ्यावर हुए आणि दा नांगला जोर सप्टेंबर ते डिसेंबर. त्या दोन शहरांमधला हाय वान घाट जेमतेम ५०० मीटर उंच आहे, तरी घाटाच्या एका बाजूला धुकं-पाऊस आणि दुसऱ्या बाजूला ऊन असं अनेकदा असतं. कोस्टा रिकात पॅसिफिक बाजू सप्टेंबर-ऑक्टोबरात सर्वांत ओली, तेव्हाच कॅरिबियन किनारा तुलनेने कोरडा. डोंगराची कोणती बाजू कोणत्या महिन्यात कोरडी असते, हे पाहून सफरीची दिशा ठरवली तर निम्मा पाऊस चुकतो.

मोबाइलवरच्या अंदाजात सातही दिवस ढग-वीज हेच चित्र दिसणार, त्याला घाबरून जाऊ नका. जाग्यावर उपयोग असतो तो पावसाच्या रडारचा. गेल्या तासाभरात ढग कुठून कुठे सरकले ते पाहिलं की पुढची तासाभराची कल्पना येते. आणि तुमच्या रस्त्यावर नदी-नाले असतील तर तुमच्या डोक्यावरचं आभाळ पाहून भागत नाही, वरच्या डोंगरात किती पडतोय ते पाहावं लागतं.

गाडी

हलकी गाडी घ्या. सीसीचा अभिमान कोरड्या महामार्गावर ठीक आहे. चिखलात आडवी झालेली गाडी एकट्याने उभी करता येते का, एवढीच कसोटी इथे लावायची. ११० ते २५० सीसीची, सीट बुटकी असलेली, कुठल्याही गावातल्या मेकॅनिकला माहीत असलेली गाडी या कामाला उत्तम. भाड्याने घेणार असाल तर ताब्यात घेण्यापूर्वी तीच गाडी चालवून, ब्रेक दाबून, सगळे दिवे लावून पाहा. चारही बाजूंनी व्हिडिओ काढून ठेवा.

टायरची नक्षी निदान ३ मिलिमीटर असावी. महामार्गावर फिरलेला मागचा टायर मधोमध सपाट होतो, आणि असा टायर पाण्यावर तरंगायला लागतो. हवा कंपनीने सांगितलेली तेवढीच, सकाळी टायर थंड असताना भरायची. पावसात पकड मिळावी म्हणून हवा कमी करण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. डांबरी रस्त्यावर तो ऐकू नका, कारण हवा कमी झाली की पाणी बाजूला सारायची टायरची ताकद घटते. लांबलचक चिखलाचा कच्चा रस्ता असेल तर थोडी कमी करायला हरकत नाही, मात्र पुन्हा भरायला पंप बरोबर हवा.

ब्रेक पॅड २ मिलिमीटरवर आले असतील तर निघण्यापूर्वीच बदला. ओल्या चिखलात वाळूचे कण पॅडमध्ये अडकतात आणि पॅड नेहमीपेक्षा फार लवकर झिजतात. मागे ड्रम ब्रेक असेल तर पाण्यातून बाहेर आल्यावर चालत्या गाडीत तो हलकेच दाबून धरा, शंभरेक मीटरमध्ये वाळतो.

विजेच्या जोडण्यांना डायइलेक्ट्रिक ग्रीस (पाणी अडवणारं) लावून घ्या: प्लगची टोपी, हेडलाइटमागचे सॉकेट, साइड स्टँडचा स्विच. या शेवटच्यात पाणी गेलं की गाडी गिअर टाकताच बंद पडते आणि माणूस पेट्रोल, प्लग, कॉइल सगळं तपासत बसतो. दोन फ्यूज, एक प्लग, प्लगचा पाना, क्लचची एक केबल, ट्यूब किंवा ट्यूबलेसचं पंक्चर किट, इन्सुलेशन टेप आणि मूठभर केबल टाय, इतकं सामान पुरे.

इंजिनात हवा कुठून शिरते ते शोधून ठेवा. एअर फिल्टरचं तोंड काही गाड्यांत सीटखाली उंचावर असतं, काहींत बरंच खाली. पाण्यात उतरायचं की नाही हे पुढे त्या उंचीवर ठरणार आहे.

अंगावर काय आणि पिशवीत काय

गरम हवेत जलरोधक जाकिटात घाम इतका येतो की पावसाशिवायच माणूस ओला होतो. म्हणून आत जाळीचं, आर्मर असलेलं जाकीट आणि वरून हलका टू-पीस रेनसूट, ही जोडी उत्तम. काही जाकिटांत जलरोधक अस्तर आतून लावायचं असतं. त्यात बाहेरचं कापड पाणी पिऊन जड होतं आणि वाऱ्यावर गारठवतं. रेनसूट भडक रंगाचा घ्या, पिवळा किंवा नारिंगी. पोंचो मात्र नको. वाऱ्यावर फडफडून तो चेनमध्ये किंवा मागच्या चाकात जातो, आणि जोवर जात नाही तोवर आरसे आणि मागचा दिवा झाकतो.

हातमोजे बाहीच्या आत ठेवा. हँडल धरल्यावर कोपर वर आणि मनगट खाली असतं, पाणी हातावरून खाली ओघळतं. बाही मोज्यात खोचली की मोजा भरलाच. तीच गोष्ट पायांची: पँट बुटांच्या वरून. बूट जलरोधक नसतील तर कोरडे मोजे, त्यावर प्लास्टिकची पिशवी आणि मग बूट. दिसतं विचित्र, पण पाय संध्याकाळपर्यंत कोरडे राहतात.

हेल्मेटची काच पारदर्शकच हवी. आतून धुकं धरू नये म्हणून पिनलॉक पट्टी बसवून घेतली तर उत्तम. नसेल तर शाम्पूचा एक थेंब आतल्या बाजूला चोळून कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून टाका, दिवसभर तरी टिकतं.

सामानाला तोंड गुंडाळून बंद होणारी ड्रायबॅग वापरा. तोंड निदान तीनदा गुंडाळलं गेलं पाहिजे, म्हणजे बॅग ठासून भरायची नाही. बॅगवर ओढायचं पावसाळी कव्हर भरवशाचं नसतं, खालून पाणी शिरून तळाशी साचतं. आत कपडे वेगळ्या पिशवीत, कागदपत्रं वेगळ्या. एक पूर्ण कोरडा जोड असा बांधून ठेवा की तो फक्त खोलीत गेल्यावर उघडायचा, वाटेत कितीही मोह झाला तरी नाही. रेनसूट सगळ्यात वर. तो तळाशी असेल तर काढेपर्यंत भिजून झालेलं असतं.

फोन हँडलला लावून नकाशा बघायची सवय पावसात उपयोगाची नाही. थेंब पडून पडदा आपोआप वाटेल तिथे टॅप होतो आणि चार्जिंगच्या तोंडात पाणी जातं. शिवाय इंजिनाच्या थरथरीने कॅमेरा बिघडू शकतो, अशी सूचना ॲपलनेच २०२१ मध्ये दिली होती. दिवसाची वळणं आणि गावांची नावं कागदावर लिहून पारदर्शक पिशवीत टाकीवर चिकटवा, फोन खिशात ठेवून कानात आवाज ऐका.

कागदपत्रांत एक मेख आहे. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना १९४९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे मिळतो किंवा १९६८ च्या व्हिएन्ना कराराप्रमाणे, आणि काही देश यांपैकी एकच मानतात. व्हिएतनाम १९६८ चाच मानतो. आपल्याकडचा परवाना कोणता आहे आणि त्यावर दुचाकीचा शिक्का आहे का, दोन्ही पाहा. परवाना तिथे ग्राह्य नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

ओल्या रस्त्यावर

पाऊस सुरू झाल्यावरची पहिली दहा-पंधरा मिनिटं सर्वांत निसरडी. रस्त्यावर साठलेलं तेल, रबराची पूड आणि धूळ पाण्यात कालवली जाते आणि अजून वाहून गेलेली नसते. तेव्हाच थांबा, रेनसूट चढवा, चहा-कॉफी काय मिळेल ते घ्या. तोवर रस्ता धुऊन निघतो.

चालवताना सगळं हळुवार. थ्रॉटल, ब्रेक, वळण यांत झटका नको. गाडी सरळ उभी असतानाच ब्रेक लावायचा, वळणात शिरण्यापूर्वी वेग कमी झालेला असला पाहिजे. पुढचा ब्रेक पावसात वापरायचा नाही हा जुना गैरसमज आहे. गाडी थांबवायचं बहुतेक काम तोच करतो, फक्त तो आधी हलका आणि मग वाढवत दाबायचा. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) असेल तर चांगलंच, पण साधं एबीएस गाडी झुकलेली असताना फारसं वाचवत नाही. पुढच्या वाहनापासून चार सेकंदांचं अंतर ठेवा. ताशी ६० किलोमीटरला ते सुमारे ६५ मीटर होतं. मध्ये कोणी घुसलं तर घुसू द्या, पुन्हा मागे राहा.

निसरड्या जागा ओळखायला शिका. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं, पुलाचे सांधे, रुळांचं फाटक, सावलीतल्या वळणावरचं शेवाळ, कुजलेली पानं, लाकडी फळ्यांचे पूल. रुळ आणि सांधे शक्य तितक्या काटकोनात ओलांडा. डांबरावर इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसला तर ते डिझेल. पेट्रोल पंपातून बाहेर पडणाऱ्या वळणावर आणि चढाच्या वळणांवर, जिथे ट्रकची टाकी हिंदकळते, तिथे हमखास सापडतं. लेनचा मधला पट्टा टाळा, गाड्यांचं ऑइल तिथेच ठिबकतं. चारचाकीच्या चाकोरीतून चला, पण चाकोरी खोल होऊन पाणी साचलं असेल तर तिच्या कडेने. डबक्यात खड्डा आहे असंच गृहीत धरा.

लाल जांभ्याचा कच्चा रस्ता ओला झाला की वरून साबण फासल्यासारखा होतो, आणि माती टायरच्या नक्षीत भरून टायर गुळगुळीत होतो. उतारावर दुसरा गिअर, क्लच सोडलेला, पुढच्या ब्रेकला हात नाही. मडगार्डमध्ये चिखल दाटून चाक अडायला लागलं तर जबरदस्ती करू नका, काडीने उकरून काढा.

पाणी ओलांडताना

पुढे पाणी आडवं आलं की गाडी आधीच थांबवा, इंजिन बंद करा आणि दहा मिनिटं बघत बसा. काठावर पाण्याच्या रेषेला एक दगड ठेवा. तेवढ्यात दगड पाण्यात गेला तर पाणी चढतंय, मागे फिरा. तिथे वाट बघणंही धोक्याचं. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून यायला लागला, तरी तोच अर्थ: वर डोंगरात पाऊस कोसळलाय आणि लोंढा वाटेत आहे. उलट दगड कोरडा पडत गेला तर थांबा. डोंगरी ओढे जसे फुगतात तसे तासा-दोन तासांत उतरतातही.

पाणी स्थिर असेल किंवा उतरत असेल तर काठी घेऊन आधी पायी जाऊन या. जिथून चालत जाता येत नाही तिथून गाडी जाणार नाही. गाडीच्या धुऱ्यापर्यंतचं पाणी ठीक, त्याहून वर असेल तर एअर फिल्टरचं तोंड किती उंच आहे ते आठवून विचार करा. वाहत्या पाण्याचा जोर माणसाला कमीच वाटतो. जोरात वाहणारं १५ सेंटिमीटर पाणीदेखील मोठ्या माणसाचे पाय उचलू शकतं. तळ दिसत नसेल आणि पाणी वेगात असेल, तर खोली कितीही कमी वाटो, नाही म्हणजे नाही. स्थानिक लोक जात असतील तर ते नेमके कुठून जातात ते पाहा. सिमेंटच्या फरशीवर प्रवाहाच्या खालच्या कडेला शेवाळ आणि पुढे खड्डा असतो, म्हणून वरच्या बाजूने जायचं.

उतरायचं ठरलंच तर पहिला गिअर, थ्रॉटल एकसारखा, नजर पलीकडच्या काठावर. पाण्याकडे पाहिलंत की गाडी प्रवाहाबरोबर वळते. मध्ये गिअर बदलू नका, क्लच दाबू नका. सायलेन्सरचं तोंड बुडालं तरी इंजिन चालू असेपर्यंत वायूच्या दाबाने पाणी आत येत नाही. गाडी हाताने ढकलत न्यायची असेल तर तुम्ही प्रवाहाच्या वरच्या बाजूला उभे राहा. गाडी पडलीच तर तुमच्यापासून लांब पडेल, खालच्या बाजूला असाल तर तुमच्या अंगावर येईल आणि पाण्यात दाबून धरेल.

पाण्यात गाडी आडवी होऊन बंद पडली तर स्टार्टर अजिबात दाबू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी बाहेर काढा, एअर फिल्टरचा डबा उघडून पाणी ओता, फिल्टर पिळा. प्लग काढा. मग प्लगचं भोक मोकळं ठेवून किक मारा किंवा स्टार्टर थोडा फिरवा, पाणी फवाऱ्यासारखं बाहेर येईल. तोंड लांब ठेवा, आणि प्लगची टोपी भोकापासून बाजूला बांधून ठेवा, कारण ठिणगी आणि पेट्रोलची वाफ एकत्र आली तर पेट घेते. पाणी यायचं थांबलं की प्लग पुसून बसवा. सुरू करण्यापूर्वी ऑइल पाहा. दुधाळ कॉफीसारखं दिसत असेल तर त्यात पाणी आहे. ते बदलल्याशिवाय इंजिन चालवायचं नाही.

दरड आणि वीज

घाटात गाडी डोंगर कापलेल्या बाजूला उभी करू नका, फोटोसाठी तर नाहीच. रस्त्यावर ताजे खडे, उतारावरून अचानक गढूळ पाण्याची धार, तिरपी झालेली झाडं किंवा विजेचे खांब, डांबराच्या कडेला नवी चीर: यातलं काही दिसलं तर तो टप्पा थांबण्याचा नव्हे. पुढच्या रस्त्याची सर्वांत खात्रीची माहिती समोरून येणाऱ्या बसच्या किंवा ट्रकच्या चालकाकडे असते. आणि अर्धा तास समोरून एकही वाहन आलं नसेल, तर पुढे काहीतरी अडलंय असं समजा.

वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर ती १० किलोमीटरच्या आत आहे. पक्क्या इमारतीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. रबरी टायर विजेपासून वाचवत नाहीत, एकटं झाड तर त्याहून वाईट.

उंचीवर गारठ्याचाही विचार करा. दर १,००० मीटरला साधारण साडेसहा अंशांनी तापमान उतरतं. ओल्या अंगावर ताशी ५० चा वारा घेत घाट चढलात तर उष्ण देशातही दातखीळ बसते. बोटं बधिर होऊन गिअर चुकायला लागले, की लगेच थांबून अंगातला ओला शर्ट बदला.

रोज संध्याकाळी

खोलीवर पोचल्यावर आधी चेन, मग स्वतःची आंघोळ. चेन गरम असतानाच रॉकेलच्या फडक्याने पुसा, कोरडी होऊ द्या आणि चेन लूब किंवा ९० नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूने लावा. ओ-रिंगच्या चेनला पेट्रोल लावू नका, रिंगा खराब होतात. चाक हाताने फिरवून चेन कुठे घट्ट आणि कुठे सैल लागते ते पाहा, बोल्टांवर एकदा पाना फिरवा. सगळं मिळून पंधरा मिनिटं लागतात.

बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोन तासांनी बदला. हेल्मेटचं अस्तर काढून पंख्याखाली ठेवा. पाय पूर्ण कोरडे करून बोटांच्या मधे पावडर लावा, नाहीतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी चिखल्या होतातच. पावसात तहान लागत नाही, पण रेनसूटच्या आत घाम वाहत असतो. दिवसातून एकदा ओआरएस घ्या.

डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून सकाळीच उघड्या त्वचेला डास पळवणारं क्रीम लावा. वाटेत ताप आला तर पॅरासिटामॉलच घ्या. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन नकोत, डेंग्यू असेल तर त्यांनी रक्तस्राव वाढतो. पायाला जखम असताना पुराच्या पाण्यात उतरलात तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. जखमेवर जलरोधक पट्टी लावा, आणि प्रतिबंधक गोळी घ्यायची का हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारा. या आजाराची लक्षणं दोन दिवसांपासून चार आठवड्यांपर्यंत केव्हाही दिसू शकतात. तेव्हा परत आल्यानंतर महिन्याभरात ताप, अंगदुखी, डोळे लाल असं काही झालं, तर कुठे-कुठे फिरलात आणि कोणत्या पाण्यातून चाललात हे डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता आपणहून सांगा.